सामायिक पूलमधील एलपारचा हक्काचा वाटा किती असावा? महिनाअखेरीचा अनुभव आणि एक प्रश्न

कोयनाकाठ

नमस्कार. आमच्याकडे एका सहकारी बँकेच्या मुख्य प्रणालीचा डेटाबेस आयबीएमच्या पॉवर ८ वर्गातील सोळा कोअरच्या (प्रोसेसरच्या गणन-एककांच्या) सर्व्हरवर चालतो. सर्व सोळा कोअर एकाच सामायिक पूलमध्ये (सर्वांनी वाटून वापरायच्या साठ्यात) आहेत आणि त्यावर नऊ एलपार, म्हणजे सर्व्हरचे स्वतंत्र तार्किक विभाग, आहेत. डेटाबेसच्या एलपारला २.० एन्टायटलमेंट (कोअरचा हक्काचा वाटा) आणि १२ व्हर्च्युअल (आभासी) प्रोसेसर दिले आहेत. ॲप्लिकेशनच्या दोन एलपारना प्रत्येकी १.०, विकास आणि चाचणीच्या तीन एलपारना प्रत्येकी १.५, इतरांना डिस्क आणि नेटवर्क पुरवणाऱ्या दोन व्हीआयओएसना प्रत्येकी ०.५ आणि बॅकअपच्या एका कॅप्ड (हक्काहून जास्त न घेणाऱ्या) एलपारला ०.५ असे बाकीचे वाटप आहे. बेरीज बरोबर १०.० होते, म्हणजे सहा कोअर कोणाच्याही नावावर नाहीत. बॅकअप सोडून सर्व एलपार अनकॅप्ड आहेत, म्हणजे मोकळे कोअर असतील तर हक्काहून जास्त घेऊ शकतात. मोकळ्या कोअरच्या वाटणीतले व्हीआयओएसचे वेट (प्राधान्य) २५५ ठेवले आहे, इतरांचे मूळचे १२८ कोणी बदललेले नाही.

एरवी रात्रीच्या बॅचमध्ये (एकगठ्ठा कामात) एलपारस्टॅट या मापन-आज्ञेचा फिजसी रकाना, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले कोअर, ७.६ च्या आसपास असतो, म्हणजे एन्टायटलमेंटच्या ३८० टक्के, आणि काम साडेतीन तासांत संपते. महिन्याच्या शेवटच्या रात्री मात्र कर्जखात्यांवरील व्याजआकारणी चालू असताना तोच आकडा ३.० वर येऊन अडकतो आणि बॅच नऊ तास घेते. गेल्या महिन्यात सकाळी शाखा उघडल्या तेव्हा ती चालूच होती आणि काउंटरसमोर लोक ताटकळत उभे राहिले. ते मला फार लागले, कारण ही वाटणी दोन वर्षांपूर्वी मीच केली होती.

व्हर्च्युअल प्रोसेसर १२ वरून १६ करावेत, असे आमच्या चमूतील बहुतेकांचे मत आहे. माझा कल एन्टायटलमेंट वाढवण्याकडे आहे, पण त्याचे नेमके कारण मला मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रात्रपाळी

त्या रात्री बाकीचे एलपार काय करत होते, हे पाहिले का? एकाच एलपारच्या आकड्यांवरून हा प्रश्न सुटणार नाही.

जुना_पाट

कोयनाकाठ, तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत की उत्तर त्यांच्यातच दिसते. महिनाअखेरीला सहा अनकॅप्ड एलपार एकाच वेळी आपल्या वाट्यापेक्षा जास्त मागत असणार: डेटाबेस, दोन ॲप्लिकेशन आणि विकास-चाचणीचे तीन. प्रत्येकाने आपला हक्काचा वाटा पूर्ण वापरला की मोकळे सहा कोअर उरतात, आणि हायपरवायझर (एलपारना कोअर वाटून देणारा थर) ते वेटच्या प्रमाणात वाटतो. सर्वांचे वेट १२८ असल्यामुळे प्रत्येकाला एकेक कोअर मिळतो. डेटाबेसचे २.० अधिक १.० म्हणजे ३.०. तुमचा फिजसी नेमका तेथेच थांबला आहे.

मी धुळ्याकडचा आहे. आमच्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. पाऊसपाणी चांगले असले की पाळीबाहेरचेही पाणी मिळते आणि शेतकरी त्याच्या भरवशावर उसाचे क्षेत्र वाढवतो. टंचाईत पाटकरी फक्त पाळीपुरतेच पाणी सोडतो. एन्टायटलमेंट ही पाळी आहे आणि अनकॅप्ड म्हणून मिळणारे जास्तीचे कोअर हे पाळीबाहेरचे पाणी आहे. तुम्ही दोन कोअरच्या पाळीवर साडेसात कोअरचे पीक उभे केले आहे. महिन्यातल्या बहुतेक रात्री ते पीक जगते, म्हणून चूक दिसत नाही.

आता १६ व्हर्च्युअल प्रोसेसरांविषयी. व्हर्च्युअल प्रोसेसरांची संख्या म्हणजे एलपार जास्तीत जास्त किती कोअरवर एकाच वेळी पसरू शकेल याची मर्यादा. ती मर्यादा आज १२ आहे आणि तुम्हाला ३.० मिळत आहेत, तेव्हा ती वाढवून एक थेंबही जास्त मिळणार नाही. उलट नुकसान होईल. हायपरवायझर १० मिलिसेकंदांच्या विंडोमध्ये काम करतो आणि एन्टायटलमेंट सर्व व्हर्च्युअल प्रोसेसरांत समान विभागले जाते. २.० भागिले १२ म्हणजे प्रत्येकाला दर विंडोमध्ये सुमारे १.६७ मिलिसेकंद. १६ केले तर १.२५. जो एका विंडोच्या अगदी सुरुवातीला धावला आणि पुढच्या विंडोच्या अगदी शेवटी धावला, त्याला हक्काच्या वाट्यापुरतेच मिळत असेल तर मधले अंतर आजच जवळजवळ १७ मिलिसेकंदांचे होते. डेटाबेसचे लॉक (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) हातात घेतलेला प्रोसेसर तेवढा वेळ बाहेर बसला, तर त्या लॉकसाठी थांबलेले सर्वजण त्याची वाट पाहतात. प्रतीक्षा करणारा प्रोसेसर आपला वेळ लॉकधारकाला देऊ शकेल, यासाठी हायपरवायझरमध्ये ‘कन्फर’ नावाची सोय आहे, पण प्रत्येक लॉक तिचा वापर करतेच असे नाही. शिवाय परत येईपर्यंत कॅशमधला (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीतला) आपला डेटा दुसऱ्याने पुसलेला असतो, तो वेगळाच भुर्दंड.

तपशीलवार

जुना_पाट यांच्या गणिताशी सहमत आहे, परंतु त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी नाही. एन्टायटलमेंट कमी ठेवणे ही चूक नसून सामायिक पूल वापरण्याचे तेच तर कारण आहे. पॉवर ५ बरोबर २००४ साली सूक्ष्म विभाजन (एलपारला कोअरचा अंश देण्याची सोय) आले, त्याआधी पॉवर ४ वर एलपारला पूर्ण प्रोसेसरच द्यावे लागत आणि ते बहुतांश वेळ रिकामे बसत. एन्टायटलमेंट मोठे ठेवले की पूलची बेरीज लवकर भरते, नवीन एलपार चालू होत नाही, आणि चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा असेल तर तेथेही तेवढाच वाटा मोकळा लागतो. आम्ही हे स्थलांतर प्रत्येक देखभालीला करतो, त्यामुळे मला ही अडचण अगदी जवळून माहीत आहे. एन्टायटलमेंट लहान ठेवा, वेट नीट लावा. डेटाबेसला २५५ द्या आणि बाकी पाच जणांना खाली आणा.

जुना_पाट

तपशीलवार, ते गणितही करून पाहू. डेटाबेसला २५५ आणि बाकीच्या पाचांना प्रत्येकी ५१ दिले, तर बेरीज ५१० होते आणि सहा कोअरपैकी तीन डेटाबेसला मिळतात. एकूण ५.०. गरज साडेसातची आहे. वेट फक्त उरलेल्या पाण्याची वाटणी करते, हक्काच्या पाण्याला हात लावत नाही. विकासाच्या तीन एलपारकडे ४.५ कोअरचा हक्क आहे आणि महिनाअखेरीला ते तो पूर्ण उपसत असतील, तर डेटाबेसचे वेट कितीही वाढवले तरी त्यातला एकही कोअर परत येणार नाही.

तपशीलवार

हा मुद्दा मान्य आहे. विकासाच्या एलपारना १.५ कोणी आणि का दिले, हे समजल्याशिवाय वेटची चर्चा अपुरी राहील.

कोयनाकाठ

रात्रपाळी, तुमच्या सूचनेप्रमाणे मागील महिनाअखेरीच्या नोंदी काढल्या. विकास-चाचणीचे तिन्ही एलपार त्या रात्री प्रत्येकी २.५ च्या आसपास होते. सॉफ्टवेअरच्या पुढील प्रकाशनाची भारचाचणी नेमकी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवण्याचा त्यांचा प्रघात आहे आणि तो आम्हाला कोणी कळवला नव्हता.

तपशीलवार, १.५ हा आकडा मीच दिला होता. सर्व्हर नवीन होता, भरपूर कोअर मोकळे होते आणि चाचणीच्या लोकांनी मागितले तेवढे मी देऊन टाकले. डेटाबेसला त्या वेळी २.० पुरत होते, कारण खाती कमी होती. दोन्ही आकडे पुन्हा तपासायला हवे होते.

फ्रँकफुर्टकर

मी गेली अनेक वर्षे मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या केंद्रीय संगणकांवर) काम करतो, म्हणून थोडे विषयाच्या कडेचे लिहितो. एलपार ही कल्पना तिथूनच आलेली आहे. आयबीएमने १९८८ साली ३०९० यंत्रमालेसाठी पीआर/एसएम आणले आणि एका यंत्राचे तार्किक विभाग करणे हार्डवेअरच्या पातळीवर शक्य झाले. त्याआधी १९७२ पासून व्हीएम/३७० हेच काम सॉफ्टवेअरमधून करत होते. सन कंपनीच्या एंटरप्राइझ १०००० या चौसष्ट प्रोसेसरांच्या यंत्राने १९९७ मध्ये वेगळी वाट धरली. तेथे विभाग सिस्टम-बोर्डाच्या सीमेवर पडत, त्यामुळे एका विभागाचा बिघाड दुसऱ्यात जात नसे, पण अर्धा प्रोसेसर देणे शक्य नव्हते.

मेनफ्रेमवरून पॉवरवर येणाऱ्यांचा एक घोटाळा होतो, तो येथे सांगणे उपयोगी ठरेल. मेनफ्रेमवर वेट हाच हक्क असतो: सर्व विभागांच्या वेटची बेरीज करा, आपला भाग काढा, आणि गर्दीच्या वेळी तेवढा वाटा नक्की मिळतो. पॉवरवर हक्क एन्टायटलमेंटमध्ये असतो आणि वेट फक्त उरलेल्यासाठी असते. शब्द एक असला तरी अर्थ निराळा आहे. आमच्या चमूतील एका अनुभवी सहकाऱ्याने पॉवरवर आल्यावर सर्वांचे एन्टायटलमेंट किमान ठेवले आणि सगळी मदार वेटवर टाकली. त्याच्या जुन्या अनुभवाप्रमाणे ते बरोबरच होते.

व्हर्च्युअल प्रोसेसरांच्या संख्येविषयीही मेनफ्रेमचा धडा तोच आहे. तार्किक प्रोसेसर जास्त आणि वाटा कमी असला की प्रत्येकाचा तुकडा बारीक होतो. २००८ मध्ये झेड१० या मेनफ्रेमबरोबर हायपरडिस्पॅच आले, ते काम थोड्या तार्किक प्रोसेसरांवर एकवटते आणि त्यांना शक्यतो त्याच भौतिक कोअरवर ठेवते.

स्वरूपा

फ्रँकफुर्टकरकाका, पॉवरवरच्या एआयएक्स या कार्यप्रणालीतही ‘फोल्डिंग’ नावाची यंत्रणा अशाच हेतूने आहे. भार कमी असेल तेव्हा ती काही व्हर्च्युअल प्रोसेसर घडी घालून बाजूला ठेवते आणि उरलेल्यांवर काम एकवटते. मग कोयनाकाठ यांच्या १२ प्रोसेसरांची अडचण फोल्डिंगने आपोआप सुटायला नको का? मी या क्षेत्रात दीड वर्षापूर्वी आले आहे, तेव्हा प्रश्न प्राथमिक असल्यास सांभाळून घ्यावे.

जुना_पाट

स्वरूपा, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. अनेक अनुभवी लोक येथेच चुकतात. फोल्डिंगचा निर्णय एलपारच्या आत, एआयएक्स घेते, आणि ते आपल्या भाराकडे पाहून घेते. महिनाअखेरीला भार प्रचंड असतो, म्हणून ते सर्व १२ प्रोसेसर उघडते. बाहेर पूल कोरडा पडला आहे, याचा या निर्णयाशी संबंध नसतो. म्हणजे ज्या रात्री प्रोसेसर कमी असणे हिताचे, नेमके त्याच रात्री ते सर्वांत जास्त उघडलेले असतात. म्हणून संख्या आपणच विचार करून ठरवायची.

माझा ठोकताळा असा आहे: गर्दीच्या वेळी जेवढ्या कोअरची खरोखर गरज आहे तो आकडा वरच्या पूर्णांकात घ्या, तेवढेच व्हर्च्युअल प्रोसेसर द्या, आणि एन्टायटलमेंट त्याच्या निम्म्याहून जास्त ठेवा. डेटाबेससाठी ८ प्रोसेसर आणि ५.० एन्टायटलमेंट. प्रत्येकाला १० पैकी ६.२५ मिलिसेकंद हक्काचे मिळतील. आजच्या १.६७ शी तुलना करून पाहा.

रात्रपाळी

हे ५.० आणायचे कोठून, तेही लिहितो. विकासाच्या तिघांना १.५ वरून ०.५ वर आणा, तीन कोअर मोकळे होतील, ते डेटाबेसला द्या. पूलची बेरीज १०.० च राहील. वेट डेटाबेसला २००, ॲप्लिकेशनला प्रत्येकी १००, विकासाला प्रत्येकी १०. वेटची बेरीज ४३० होते, म्हणजे मोकळ्या सहांपैकी सुमारे २.८ डेटाबेसला. एकूण ७.८. एरवीच्या रात्री तुम्हाला ७.६ लागतात.

विकासाचे वेट ० करू नका. ० वेट असलेला अनकॅप्ड एलपार प्रत्यक्षात कॅप्डसारखाच वागतो आणि दिवसा पूल रिकामा असतानाही चाचणीची माणसे ०.५ वर अडकतील. त्यांचेही काम काम आहे.

सह्यकडा

इतकी उठाठेव करण्यापेक्षा डेटाबेसला आठ कोअर समर्पित करावेत. आमच्या येथे दहा वर्षे असेच चालू आहे आणि महिनाअखेरीला कोणीही फोन करत नाही.

तपशीलवार

सह्यकडा, शांत झोपेचे मोल मीही जाणतो. पण डेटाबेसला आठ गेले की बाकी आठ एलपारना मिळून आठच कोअर उरतात. समर्पितच हवे असतील, तर चालू असतानाही रिकामा वेळ पूलला देण्याची सोय पॉवर ६ पासून आहे, ती निदान चालू ठेवावी. तरीही डेटाबेसला कधी नवव्या कोअरची गरज पडली, तर समर्पित एलपार पूलमधून घेऊ शकत नाही. देणे शक्य, घेणे अशक्य.

परवान्याचाही विचार करावा. ओरॅकलच्या विभाजनविषयक धोरणात सूक्ष्म विभाग कॅप्ड असतील तरच कठोर विभाजन म्हणून मोजले जातात, अनकॅप्ड मोजले जात नाहीत. कोयनाकाठ, तुमचा डेटाबेस कोणता आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि येथे लिहिण्याची गरजही नाही, परंतु अनकॅप्ड ठेवण्यापूर्वी करारातील शब्द एकदा वाचावेत.

स्वरूपा

विकासाच्या तिन्ही एलपारना एक स्वतंत्र सामायिक पूल करून त्याची कमाल मर्यादा ३ कोअर ठेवली तर? पॉवर ६ पासून एका सर्व्हरवर अनेक पूल करता येतात, असे मी वाचले आहे.

रात्रपाळी

उत्तम सूचना. वेटने त्यांना गर्दीत मागे ठेवता येते आणि पूलच्या मर्यादेने तिघांच्या एकत्रित वापराला छत घालता येते. ॲप्लिकेशनची माणसे तक्रार करू लागली, तर पुढची पायरी हीच असावी. आज मात्र दोन्ही बदल एकदम करू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. एक अडचण आली आहे. बदल चालू एलपारवर करायला गेलो, तर एचएमसीने (सर्व्हरच्या व्यवस्थापन-कन्सोलने) ५.० घेण्यास नकार दिला. एलपारच्या प्रोफाइलमध्ये (तो ज्या जतन केलेल्या आकड्यांवरून चालू होतो त्यात) कमाल एन्टायटलमेंट ४.० लिहिलेले आहे.

रात्रपाळी

किमान आणि कमाल हे आकडे एलपार प्रोफाइलवरून चालू होतानाच वाचले जातात. चालू स्थितीत त्या दोहोंच्या मध्येच हलता येते. तेव्हा प्रोफाइल बदला, एलपार पूर्ण बंद करा आणि त्या प्रोफाइलवरून पुन्हा चालू करा. आतून दिलेले साधे रिबूट पुरणार नाही. कमाल आकडा या वेळी सढळ ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बँकेकडे पुन्हा बंदची परवानगी मागावी लागणार नाही.

याच संदर्भात माझा एक कटू अनुभव सांगतो. एका ग्राहकाकडे आम्ही चालू एलपारचे एन्टायटलमेंट वाढवले, सर्व सुरळीत झाले आणि विषय विसरलो. पाच महिन्यांनी वीजपुरवठ्याच्या देखभालीसाठी सर्व्हर बंद केला, मग प्रोफाइलवरून सर्व एलपार चालू केले आणि जुने आकडे परत आले. महिनाअखेर त्यानंतर चार दिवसांनी होती. त्या रात्री मी तीन वाजेपर्यंत डेटाबेसमध्ये दोष शोधत होतो. चालू स्थितीतला प्रत्येक बदल त्याच दिवशी प्रोफाइलमध्ये जतन करा.

फ्रँकफुर्टकर

आणखी एक गोष्ट. एलपारस्टॅटमध्ये ‘ॲप’ नावाचा रकाना दिसतो का? पूलमध्ये किती कोअर मोकळे आहेत ते तो सांगतो. एचएमसीवर त्या एलपारसाठी कार्यक्षमतेची माहिती गोळा करण्यास परवानगी दिलेली असेल तरच तो दिसतो. मूळ प्रश्नाचे उत्तर तुम्हाला पहिल्याच रात्री त्या एका रकान्याने दिले असते.

जुना_पाट

अगदी बरोबर. फिजसी अडकला आहे आणि ॲप शून्याजवळ आहे, तर पूल कोरडा आहे. फिजसी अडकला आहे आणि ॲप भरपूर आहे, तर अडथळा आपल्याच एलपारमध्ये आहे: व्हर्च्युअल प्रोसेसर कमी, डिस्क मंद, किंवा लॉक.

कोयनाकाठ

कळवायला उशीर झाला, कारण महिनाअखेर उलटल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

रविवारी पहाटे बँकेकडून चाळीस मिनिटांचा बंद मिळाला. डेटाबेस ५.० आणि ८ व्हर्च्युअल प्रोसेसर, कमाल ८.०. विकासाचे तिन्ही ०.५ वर. वेट रात्रपाळी यांनी लिहिल्याप्रमाणे. करार वाचला, आमच्या बाबतीत अनकॅप्ड ठेवण्यास अडचण नाही. ॲप रकाना चालू केला. विकासाच्या प्रमुखांशी बसून बोललो. भारचाचणी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नेण्यास ते तयार झाले, मात्र या महिन्याची आधीच ठरलेली होती, ती त्यांनी त्याच रात्री केली. मला ते एका परीने बरे वाटले, कारण वाटणीची खरी परीक्षा झाली.

रात्री दोन वाजता ॲप ०.०५ होता, म्हणजे पूल पूर्ण आटला होता. डेटाबेसचा फिजसी ७.४ ते ७.८ मध्ये राहिला. बॅच चार तास दहा मिनिटांत संपली आणि शाखा वेळेवर उघडल्या. विकासाच्या एलपारना प्रत्येकी सुमारे ०.६ मिळाले आणि त्यांची चाचणी सकाळपर्यंत लांबली.

एक निरीक्षण मला अजून नीट उमगलेले नाही. साध्या रात्री बॅचला आता ७.६ ऐवजी ६.९ च लागतात, काम तेवढेच आहे आणि वेळही साडेतीन तासच आहे.

जुना_पाट

मनापासून अभिनंदन. ७.६ चे ६.९ होण्यामागे मला दोन कारणे दिसतात. एआयएक्स मूळ व्यवस्थेत आधी प्रत्येक उघडलेल्या व्हर्च्युअल प्रोसेसरचा पहिला थ्रेड वापरते आणि ते सर्व भरल्यावरच एसएमटीच्या (एका कोअरवर एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाच्या धारा, चालवण्याच्या सोयीच्या) दुसऱ्या थ्रेडकडे वळते. १२ असताना काम जास्त कोअरवर पातळ पसरत होते. ८ झाल्यावर तेच काम त्याच कोअरच्या इतर थ्रेडवर गेले आणि तेवढे कोअर वाचले. दुसरे म्हणजे, प्रोसेसर आता जास्त सलग धावतात, त्यामुळे कॅश पुन्हा भरण्यात जाणारा वेळ कमी झाला. दोहोंतले कोणते किती, ते एमपीस्टॅट या आज्ञेत थ्रेडनिहाय वापर पाहिल्यास कळेल. ती नोंद असेल तर येथे टाका, मलाही पाहायची आहे.

रात्रपाळी

प्रोफाइल जतन केले ना?

कोयनाकाठ

रविवारी बदल प्रोफाइलमध्येच केला होता. वेटचे आकडे मात्र चालू स्थितीत दिले होते आणि ते जतन करायचे राहिले होते, हे तुमचा प्रश्न वाचून आत्ता लक्षात आले. नऊही एलपारची प्रोफाइल उघडून तपासली आणि जतन केली. जुना_पाट, एमपीस्टॅटची नोंद उद्या रात्रीच्या बॅचमध्ये घेऊन येथे देतो.